बराकीतला खोकला

मी आता बरी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. मला तुरुंगात असताना टीबी झाला. तिथेच तो सापडला, तिथेच गोळ्या सुरू झाल्या आणि बाहेर आल्यावर त्या पूर्ण झाल्या. ज्यांचं माणूस आत आहे आणि आत खोकतं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते.

माझं नाव सुनंदा. मंगळवेढ्यात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवते. भावकीत बांधावरून मारामारी झाली, एक जण जबर जखमी झाला आणि फिर्यादीत माझं नाव पहिलं आलं. घरातल्या बाकीच्यांना जामीन मिळाला, मला मिळाला नाही. खटला अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. तुरुंग सोलापूर जिल्ह्यातलाच, पण त्याचंही नाव लिहीत नाही. मला कुणावर डूख धरायचा नाही.

खोली

महिला बराक म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला संडास. मध्ये आम्ही. खोली जितक्यांसाठी बांधली होती त्याहून आम्ही कितीतरी जास्त होतो. एकीने कूस बदलली की शेजारणीला बदलावी लागायची, मग तिच्या शेजारणीला.

खिडक्या होत्या, पण सगळ्यांना बाहेरून पत्रा ठोकलेला. समोर पुरुष कैद्यांचं आवार. तिकडून कुणी डोकावू नये म्हणून कुणीतरी कधीतरी ते पत्रे मारले होते. हेतू आमच्या भल्याचाच असणार. पण पत्र्याने वाराही अडला आणि ऊनही. दुपारी तो इतका तापायचा की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. ओढण्या, पदर भिजवून डोक्यावर घ्यायचे, ते बघता बघता वाळायचे. आमच्याकडचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको.

माझ्या एका बाजूला लक्ष्मव्वा झोपायची. अक्कलकोटकडची, पन्नाशी ओलांडलेली, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारी. दुसऱ्या बाजूला भाग्यश्री आणि तिची मुलगी अक्षरा. भाग्यश्री सोलापूर शहरातली, विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. अक्षराला दोन वर्षं होत होती. आईबरोबर लहान मुलाला आत ठेवता येतं, आणि बाहेर तिला सांभाळणारं कुणी नव्हतं. ती पोरगी झोपेत सरकत सरकत माझ्या अंथरुणावर यायची आणि माझ्या पोटाशी डोकं लावून पडायची. मला ते आवडायचं. माझी वैष्णवी बार्शीला कॉलेजात शिकते, ती लहानपणी अशीच झोपायची.

ब्लाउज ढिला झाला

खोकला कधी लागला ते नेमकं सांगता येणार नाही. आधी वाटलं धूळ आहे. मग वाटलं बिनवाऱ्याच्या खोलीत सगळ्याच खोकतात, त्यात माझाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, घाम यायचा, पण घामाला त्या खोलीत कोण विचारतो!

मला पहिली शंका आली ती कपड्यांवरून. माझे ब्लाउज मीच बेतलेले. मापं मला पाठ. तेच ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. आत सुई बाळगता येत नाही, म्हणून मी पाठीमागे कापडाची गाठ मारून घालायचे. गाठ दर थोड्या दिवसांनी मोठी होत गेली.

डॉक्टर ठरावीक दिवशी यायचे. बाहेर रांग, आत टेबल. "काय होतंय?" "खोकला." "धुळीचा आहे." एक बाटली, थोड्या गोळ्या. त्यांचाही दोष कसा काढू, त्यांच्यापुढे पुरुषांची केवढी रांग असायची. बाटली संपली, खोकला राहिला. मग एका सकाळी नळावर तोंड धुताना थुंकीत लाल रेघ दिसली. मी पटकन पाणी ओतलं. पण लक्ष्मव्वाने बघितलं होतं.

"काय ग ते?"

"हिरडीतनं आलं आसंल."

"हिरडी खोकती व्हय?" ती म्हणाली.

आमच्या बराकीवर कदमबाई म्हणून शिपाई होत्या. त्यांना मी जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच वर कळवलं. पण कैद्याला बाहेरच्या दवाखान्यात न्यायचं तर पोलिसांचा गार्ड लागतो, आणि गार्ड कधी बंदोबस्ताला, कधी दुसऱ्या कैद्यांच्या तारखेला. "गार्ड मिळाला की नेतील," कदमबाई म्हणायच्या. आठवडे जात राहिले. कुणी नाही म्हणत नव्हतं. फक्त कुणी नेत नव्हतं.

पडद्यावरचे साहेब

तारखेला आम्हाला कोर्टात नेतीलच असं नसायचं. एका छोट्या खोलीत टीव्हीसारखा पडदा होता, त्यावर न्यायाधीश दिसायचे. नाव पुकारलं जायचं, आपण हात जोडायचे, पुढची तारीख सांगितली जायची, की पुढची बाई. बोलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी लक्ष्मव्वा माझ्यामागे रांगेत होती. तिने पाठीत बोट खुपसलं. "सांग की आज. हेळव्वा!" म्हणजे बोल ग बाई.

"साहेब, काय तरी सांगायचंय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की शेजारचा शिपाई माझ्याकडे बघायला लागला.

"बोला."

"साहेब, मला लई दिवस खोकला हाय. थुंकीत रक्त येतंय. आन् माज्या शेजारी लहान लेकरू झोपतं."

साहेबांनी खाली घातलेली मान वर केली. "दवाखान्यात नेलं का?"

"न्हाय, साहेब. गार्ड नसतोय."

त्यांनी बाजूला कुणाला तरी काही सांगितलं, ते पडद्यात ऐकू आलं नाही. पण त्याच आठवड्यात गाडी आली. मला नंतर विधी सेवेच्या, म्हणजे सरकारकडून फुकट मिळणाऱ्या, वकील मॅडम म्हणाल्या की हा तुमचा हक्कच होता, उपकार नव्हता. तेव्हा मला तो उपकारच वाटला होता.

निदानाचा दिवस

सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात मला घेऊन एक पोलीस बाई आल्या होत्या. वयाने माझ्या वैष्णवीहून थोड्याच मोठ्या. एक्स-रे काढला, थुंकी डबीत दिली, दुसऱ्या दिवशी परत आणलं. बाकड्यावर आम्ही दोघी खेटून बसलो होतो. बाकीचे पेशंट आधी त्यांच्या वर्दीकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग थोडं सरकून बसायचे.

डॉक्टरही बाईच. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला. "टीबी आहे, फुप्फुसाचा. बरा होतो. पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही."

मी रडले नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. इतके दिवस जे माझ्या छातीत नुसतं खरवडत होतं त्याला नाव मिळालं. मग दुसऱ्याच क्षणी अक्षरा आठवली.

"डॉक्टर, लेकराचं काय?"

त्यांचं पेन थांबलं. "कुणाचं लेकरू?"

मी अक्षराबद्दल सांगितलं. पोटाशी डोकं लावून झोपते ते सांगितलं. पत्र्याचंही सांगितलं. त्या सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तिला तपासायला लागेल. बराकीतल्या सगळ्यांनाच. मी लिहून देते. आणि त्या खिडक्या उघडायला सांगा. हवा खेळली पाहिजे."

"माज्यापासनं झालं आसंल का तिला?"

"आधी झालंय का ते तर बघू. आणि कुणाकडून कुणाला गेलं ते शोधून काही मिळत नाही. तुम्हालाही कुणाकडून तरी आलंच ना?"

परत निघताना पोलीस बाई गाडीत माझ्यापासून जरा लांब बसल्या. तोंडाला ओढणी बांधली. मी समजून घेतलं. पण अर्ध्या वाटेत त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. "प्या. आणि राहू द्या तुमच्याकडंच." भीती आणि माया एकाच हाताने दिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

वेगळी खोली

सुरुवातीचे काही आठवडे मला वेगळं ठेवलं. पूर्वी चादरी-सतरंज्या ठेवायची खोली होती, ती रिकामी केली. गंमत म्हणजे त्या खोलीच्या खिडकीला पत्रा नव्हता. मला इतक्या महिन्यांनी कडुनिंबाची फांदी दिसली. एकटीला अख्खी खोली, वारा, उजेड. आणि मला बराकीतली गर्दी आठवून रडू यायचं.

गोळ्यांनी मळमळायचं. लघवी नारिंगी व्हायची, पहिल्या दिवशी ते बघून मी घाबरले. कदमबाईंनी दवाखान्यात फोन लावून विचारलं, मग सांगितलं की गोळ्यांमुळे तसं होतं. रोज सकाळी त्या समोर उभ्या राहून मला गोळ्या घ्यायला लावायच्या. डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणून अंडं आणि दूध मिळायला लागलं. लक्ष्मव्वा अंगणात पाणी भरायला आली की लांबून ओरडायची, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का. मी हात हलवायचे. तेवढंच बोलणं, पण दिवसभर पुरायचं.

भाग्यश्री मात्र एकदाच आली, अंगणातल्या तारेपर्यंत. अक्षरा कडेवर होती.

"ताई, तुम्हाला माहीत होतं ना रक्त पडतंय ते?"

"कळल्याबरोबर मी कदमबाईंना सांगितलं ग."

"मला नाही सांगितलं. पोरगी तुमच्याजवळ झोपत होती, मला का नाही सांगितलं?"

मला टीबी आहे हे मलाच ठाऊक नव्हतं, हे खरं होतं. पण तिला ते त्या वेळी सांगून काय उपयोग होता? ती वळली आणि गेली. अक्षरा तिच्या खांद्यावरून मला हात करत होती. मी हात केला नाही.

अक्षराच्या तपासण्या झाल्या. तिला आजार नव्हता, पण होऊ नये म्हणून औषध सुरू केलं. ते मला कदमबाईंनी सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळी भाकरी संपवली.

कावीळ

मुलाखतीला माझे मालक आले. काचेपलीकडे ते, अलीकडे मी, मध्ये फोन. मी सांगितलं.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग म्हणाले, "कुणाला सांगू नगं."

"का?"

"पोरीचं बघायचंय आजून. आदीच तुरुंग, त्यात ह्ये. मी गावात कावीळ झालीय म्हणून सांगतो."

"तुमी तपासून घेतलं का?"

"मला काय धाड भरलीय?"

मला राग आला नाही. ते इतके वाळले होते की आजारी मी आहे का ते, असा प्रश्न पडावा. दुकान बंद, घरात स्वयंपाक त्यांचाच, वकिलाकडे खेपा त्यांच्याच. पण फोन ठेवताना मी म्हणाले, "वैष्णवीला खरं सांगा. तिला तरी सांगा." त्यांनी सांगितलं नाही. तिला ते वकील मॅडमकडून कळलं, आणि पुढच्या मुलाखतीला ती एकटीच आली. मला बघून रडेल वाटलं होतं. ती भांडली. "आई, मी बारावीला सायन्स घेतलं होतं, मला कळत नाही का टीबी म्हणजे काय? मी पप्पांना घेऊन तपासायला जाते, तू गोळ्या घे." आणि गेली. दोघांनाही काही निघालं नाही.

दार लावून बसा

आता लागण होत नाही असं डॉक्टर म्हणाल्या, तशी मी बराकीत परतले. बायकांनी माझ्यासाठी मुद्दाम जास्त जागा सोडली होती. महिनोन्महिने जिथे कूस बदलता येत नव्हती तिथे माझ्या दोन्ही बाजूंना रिकामी फरशी. लक्ष्मव्वाने आपलं अंथरूण उचललं आणि पूर्वीसारखं माझ्या शेजारी आणून टाकलं. "डॉक्टरीण म्हणली न्हवं आता लागत न्हाय? मग?" बाकीच्या जवळ यायला वेळ लागला.

पत्र्याचा विषय मी काढला, पण तडीस नेला भाग्यश्रीने. माझ्याशी ती बोलत नव्हती. विधी सेवेच्या वकील मॅडम आल्या तेव्हा मात्र ती सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "मॅडम, माझ्या मुलीला औषध देतायत आणि त्याच बंद खोलीत झोपवतायत. याचा अर्थ काय?" मॅडमनी अर्ज लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हती त्यांनी अंगठे दिले.

तुरुंगाच्या साहेबांना आम्ही आधीच विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, पत्रा काढला तर समोरून पुरुष बघणार, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? त्यांचंही अगदी खोटं नव्हतं. बराकीतल्याही काही जणी म्हणत होत्या की उकाडा परवडला, नजरा नकोत.

मग एक दिवस न्यायाधीश साहेब तुरुंगाच्या पाहणीला आले. अशी पाहणी होते, हेही मला तोवर माहीत नव्हतं. बराक झाडून पुसून ठेवलेली, दार सताड उघडं. साहेब दारात उभे राहून म्हणाले, "काही तक्रार?"

सोबत तुरुंगाचे साहेब उभे होते.

लक्ष्मव्वा बसल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, आत या की. आन् दार लावून बसा जरा."

कुणीतरी तिला दटावलं. पण साहेब आत आले. चपला बाहेर काढून आले, ते माझ्या लक्षात राहिलं. त्यांनी खरंच दार लावायला सांगितलं. आम्ही एक सतरंजी पुढे केली, ते मांडी घालून बसले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पंखा गरम हवा फिरवत होता. संडासाचा वास होताच. साहेबांनी रुमालाने मान पुसली, परत पुसली. अक्षरा त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"ही किती वर्षांची?"

"दोनाची," भाग्यश्री म्हणाली. "हिचं औषध चालू आहे, साहेब. आम्हाला कुणी बघायला नको हे बरोबर आहे. पण हवा पाहिजे. दोन्ही होईल असं काहीतरी करा."

साहेब उठले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. जाताना ते तुरुंगाच्या साहेबांशी हळू बोलत होते. आम्हाला काहीच वचन दिलं नाही.

काम व्हायला वेळ लागला. पण झालं. पत्रे काढून जाळी बसवली, आणि थोडं अंतर सोडून बाहेर आडोशाची भिंत घातली. वाऱ्याला वरून आणि बाजूने वाट राहिली. ज्या जणी नको म्हणत होत्या त्याच आधी खिडकीखाली जाऊन झोपल्या. गर्दी कमी झाली नाही, ती अजूनही असेल. पण श्वास घेता यायला लागला.

बाहेर

मला पुढे जामीन मिळाला. सुटायच्या गडबडीत मी गोळ्या आतच विसरले. कदमबाई पाकीट घेऊन फाटकापर्यंत पळत आल्या. "ह्या राहिल्या तर सगळं पाण्यात जाईल," म्हणाल्या. ज्यांचं माणूस सुटणार आहे त्यांना एवढं सांगते, गोळ्या आणि दवाखान्याचे कागद आधी मागून घ्या, कपड्यांची पिशवी नंतर. मी दुसऱ्याच दिवशी मंगळवेढ्याच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं.

घरी आल्यावर शेजारच्या बायका भेटायला आल्या. एकीने उसाचा रस आणला, एकीने कसलासा पाला वाटून आणला. दोन्ही काविळीवर. मालक कोपऱ्यात उभे राहून दुसरीकडे बघत होते. मी रस पिऊन टाकला आणि म्हणाले, "कावीळ न्हवती. टीबी झालता. आता लागत न्हाय कुणाला, गोळ्या चालू हायत."

दोघी लगेच उठून गेल्या. पाला आणलेली राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या दिराला पण हुता. आमी दमा म्हणून सांगितलं." संध्याकाळी मालक म्हणाले, "सांगायचं हुतंच, तर मला कावीळ सांगायला कशाला लावलंस?" म्हटलं, "मी कुटं लावलं?" मग ते हसले. कितीतरी दिवसांनी.

गोळ्या संपल्या. शेवटची तपासणी झाली, थुंकीत काही निघालं नाही. एक्स-रेमध्ये एक डाग दिसतो, तो राहील म्हणाले. जिना चढताना अजून धाप लागते. मशीनवर मात्र आता दिवसभर बसते.

परवा माझी तारीख होती. कोर्टाच्या व्हरांड्यात बसले होते, तर पोलीस गाडीतून भाग्यश्री उतरली. ती अजून आतच आहे. अक्षरा तिचं बोट धरून चालत होती, अंगाने चांगली भरलेली. भाग्यश्रीने मला बघितलं. मी उठून उभी राहिले. जवळ जावं की नाही कळेना. त्या दिवसानंतर आम्ही दोघी नीट बोललोच नव्हतो.

"झाल्या गोळ्या?" तिने विचारलं.

"झाल्या. हिच्या?"

"हिच्या तर कधीच झाल्या."

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. सोबतच्या पोलीस बाईने घाई केली. अक्षरा आत जायला तयार होईना, दाराची चौकट धरून रडायला लागली. भाग्यश्रीने इकडेतिकडे बघितलं, मग तिला उचलली आणि सरळ माझ्या हातात दिली.

"ताई, धरा हिला. मी आलेच."

पोरगी जड झाली होती. रडून रडून तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं. मी सवयीने तोंड बाजूला वळवलं आणि श्वास रोखून धरला. मग ध्यानात आलं, की आता त्याची गरज नाही. मी श्वास सोडला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले.